बाबांनी बंद केलेली गोळी

भोंदू उपचारांविरुद्धचं पत्रक मी लिहिलं, लहरीपुऱ्याच्या बाजारात उभं राहून वाटलं, आणि त्याच आठवड्यात कळलं की बाबांनी मधुमेहाची गोळी बंद केलीय. संताप आला. त्याहून जास्त लाज वाटली.

बाबा कोयलीच्या रिफायनरीत ऑपरेटर होते. सगळं आयुष्य शिफ्टमध्ये गेलं. निवृत्तीनंतर वाडीतल्या एका वैद्यबाईंकडे जाऊ लागले. जेवण, झोप, चालणं, साखर, सगळं वहीत लिहीत. हल्ली साखर तीनशेच्या वर होती आणि ते सारखे पाणी पीत होते.

"गोळी कोणाला विचारून बंद केलीत?"

"विचारायचं काय? प्लांटमध्ये एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि वाट बघायची. झोप सुधारली, चालणं झालं, काढा झाला. आता गोळी काढून बघतोय."

"शरीर म्हणजे प्लांट नाही, बाबा!"

"हो का? एका नाल्याचं पाणी तपासून नदी कळत नाही, सगळं एकमेकांत गुंतलेलं असतं, हे कोणी छापलं होतं? तूच ना, पत्रकवाल्या बेन?"

मीच, नदीवरच्या आधीच्या पत्रकात.

दुसऱ्या दिवशी भांडायच्या तयारीने मी त्यांच्यासोबत वैद्यबाईंकडे गेले. बाईंनी वही पाहिली आणि चष्मा काढला.

"काका, गोळी कोणे बंध करावी? कोणी बंद करायला लावली?"

बाबांनी वही परत घ्यायला हात पुढे केला.

"मी सांगितलं होतं? आधी डॉक्टरकडे जा. आत्ताच. मग माझ्याकडे या."

मग आम्ही उठताना बाईंनी विचारलं, रात्रपाळी करून आल्यावर किती वाजता जेवायचात? किती वर्षं असं चाललं? बाबा भराभर सांगत सुटले. हे त्यांना आजवर कोणी विचारलं नव्हतं. मीही नाही. मी फक्त पत्रकं वाटत होते.

डॉक्टरांनी झापलं, गोळी लगेच सुरू करायला लावली. बरोबरच होतं ते. बाबांनी वही पुढे केली, तर त्यांनी ती न उघडताच बाजूला सारली. बाहेर रांग होती, मान्य. तरी माझं डोकं फिरलं.

"उघडून तरी बघा ना!"

त्यांनी दोन पानं उलटली. "हा काढा कसला? तुमचा विश्वास आहे यावर?"

प्रश्न मला होता. बाबाही माझ्याकडे बघत होते. पत्रकातलं एकेक वाक्य मला पाठ होतं.

"त्या बाई नीट विचारतात," एवढंच मी म्हणाले.