मावशी, सर आणि गोळीवाला

मावशीने रागाच्या भरात कॉम्प्युटर तिसऱ्या मजल्यावरून खाली फेकला, अशी बातमी आमच्या जिन्यात फिरते आहे. साफ खोटं. फेकला तो माउस, तोही कचऱ्याच्या डब्यात. आणि स्वतःच्या पैशाचा म्हणून गुपचूप परतही काढला.

मावशी विद्यापीठात जुनी इंग्रजी छापील पानं कॉम्प्युटरकडून वाचून घेते. कुठल्या काळात कुठला शब्द कोणाच्या शेजारी बसतो, ते मशीन मोजतं. शेजार बदलला की अर्थ बदलला, असं धरायचं. ‘नर्व्हस’ म्हणजे एके काळी पिळदार, दणकट. पुढे तो घाबरटांच्या घरी नांदायला गेला. पण मावशीच्या आलेखात तो हळूहळू न उतरता कड्यावरून पडावा तसा कोसळला होता. तिच्या विभागाचे प्रमुख, सर, नाचायचेच बाकी होते. शोधनिबंधावर पहिलं नाव मावशीचं, तो मांडायची परिषद शुक्रवारी.

मंगळवारी शंकेने तिला राहवेना. तिने मूळ पानं उपसली. एका वर्तमानपत्रात ‘नर्व्हस’ लोकांसाठीच्या गोळ्यांची एकच जाहिरात वर्षानुवर्षं दर आठवड्याला छापलेली. मशीनला वाटलं, दर वेळी नवा माणूस बोलतोय. तोच तोच मजकूर गाळायची पायरी मावशीनेच घाईत सोडली होती. ती जाहिरात काढली आणि कड्याची साधी उतरण झाली.

सर गोड हसले. “अगं, उतरण बघायला कोण येतं? लोकांना कडा लागतो. जाहिरात इंग्रजीच आहे ना? मग झालं तर.”

माउस गेला तो तेव्हा.

घरी तिने दारं आपटली. आई म्हणाली, सरांशी वाकडं घेशील तर नोकरीला मुकशील. मावशी फणकारली, “एक गोळीवाला बोंबलतो आणि हा माणूस म्हणतो, अख्खा देश बोलला! खाली सही कोणाची? माझी!”

शुक्रवारी सर पहिल्या रांगेत झुलत बसले होते. मावशीने पडद्यावर कडा दाखवला, कौतुकाची कुजबुज संपू दिली. रागाने तिची मान ताठ झाली होती. पण आवाज निघाला तो दवाखान्यात नंबर पुकारावा तसा.

“हा आलेख चुकीचा आहे. चूक माझी. सरांना ती मंगळवारपासून माहीत आहे.”

मग तिने उतरण दाखवली आणि ती व्यासपीठावरून खाली आली. सरांचं झुलणं थांबलं होतं.

ती व्यासपीठावर किंचाळणारच, अशी माझी तिच्याशी पैज होती. आता महिनाभर तिच्या कपड्यांना इस्त्री मीच करायची.