सीटवर काच नव्हती

व्हॅनच्या ड्रायव्हर बाजूची काच मीच फोडली होती. आज हे सरळ लिहितोय, पण त्या दिवशी एवढं एक वाक्य तोंडातून काढायला मला चार तास लागले. तेवढ्यात दोन निरपराध माणसांना मार बसायची वेळ आली होती.

तेव्हा मी बंद बॉडीची छोटी मालवाहू व्हॅन चालवायचो. भोसरीच्या वर्कशॉपमधून सुटे भाग उचलायचे आणि चाकणच्या एका मोठ्या कंपनीत उतरवायचे, दिवसाला दोन फेऱ्या. मालक थेरगावचे, जुन्या गावठाणातल्या घरातले. त्यांच्या तीन गाड्या होत्या. सगळे त्यांना दादा म्हणायचे, मीही म्हणायचो. माणूस वाईट नव्हता, पण डोकं लगेच तापायचं.

माझ्या गाडीचा ड्रायव्हरकडचा दरवाजा आतून उघडत नव्हता. हँडल ओढलं की नुसतंच हातात यायचं, आतली केबल तुटलेली. उतरायचं असेल तर काच खाली करायची, हात बाहेर काढायचा आणि बाहेरच्या हँडलने दरवाजा उघडायचा, ही सवयच झाली होती. दादांना तीनदा सांगितलं होतं. "करू की रे, पण गाडी एक दिवस उभी ऱ्हायली पायजे ना," असं म्हणायचे. आणि गाडी काही उभी राहायची नाही.

एप्रिल महिना होता. दुपारी बाराच्या सुमाराला मी कंपनीच्या गेटबाहेर रांगेत उभा होतो. डाव्या बाजूला कंपाउंडची भिंत हातभर अंतरावर, त्यामुळे डावा दरवाजा उघडणं शक्यच नव्हतं. उजवीकडून एक ट्रेलर धुरळा उडवत गेला म्हणून मी काच वर घेतली. धुरळा बसल्यावर खाली करायला हँडल फिरवलं, तर ते गरगर फिरलं. काच जागची हलली नाही. पुन्हा फिरवलं. पुन्हा तेच.

दुसऱ्या कुणी हॉर्न वाजवला असता. मागच्या गाडीचा ड्रायव्हर येऊन बाहेरून दरवाजा उघडून गेला असता, दोघं हसले असते, गोष्ट संपली असती. मला ते सुचलंच नाही. छातीवर कुणीतरी गुडघा रोवल्यासारखं झालं. श्वास आत जाईना. समोरची गाडी, भिंत, सगळं माझ्या अंगावर सरकत येतंय असं वाटायला लागलं. मी ओरडत होतो, हे मला नंतर घसा बसला तेव्हा कळलं. सीटखालचा चाक खोलायचा पाना हाताला लागला. पहिल्या घावाला काही झालं नाही. दुसऱ्या वेळी पाना चौकटीवर बसला. तिसऱ्याला काच फुटली आणि मी कोपरापर्यंत हात बाहेर काढून दरवाजा उघडला आणि रस्त्यावर पडलो.

मागून दोन ड्रायव्हर धावत आले. "काय झालं भाऊ?"

मी वर बघितलं आणि बोलून गेलो, "बाईकवर दोघं होते. दगड मारून पळाले."

विचार करून बोललो नव्हतो. पण बोललो ते का, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. दोन वर्षांपूर्वी मी मोठा ट्रक चालवायचो आणि माळशेज घाटात तो ट्रक कठड्याला धडकून आडवा झाला होता. केबिन चेपली, पाय स्टिअरिंगखाली अडकला. बाहेर काढेपर्यंत साडेतीन तास गेले. पाय बरा झाला, थोडा लंगडतो एवढंच. दादांकडे कामाला लागताना सांगितलं होतं, जिन्यावरून पडलो. बंद केबिनची भीती बसलेल्या ड्रायव्हरला गाडी कोण देणार? बायको एका कंपनीत पॅकिंगला जात होती, तिलासुद्धा मी भीतीचं कधी बोललो नव्हतो.

दादांना फोन केला. त्यांनी पहिलं विचारलं, "तुला लागलं का?" हातावर चिरा होत्या, त्यावर रुमाल बांधलेला. म्हटलं, जास्त नाही. मग एकदम त्यांचा आवाज बदलला.

"त्याचीच पोरं असणार. दुसरं कोण मारंल?"

तो म्हणजे त्यांचा चुलतभाऊ. त्याच्याही गाड्या त्याच कंपनीत लागायच्या. गेल्या महिन्यात एक फेरी त्याच्याकडून सुटून दादांकडे आली होती आणि तेव्हापासून दोघं एकमेकांचं तोंड बघत नव्हते. हे मला माहीत होतं, पण दगडाची गोष्ट सांगताना डोक्यातही आलं नव्हतं.

"दादा, तसं काही नसेल," मी म्हटलं.

"तू माल उतरव आणि सरळ काचवाल्या चाचाच्या दुकानात ये. म्या तितंच हाय."

माल उतरवून निघेपर्यंत तीन वाजले. मोशी, भोसरी, नाशिक फाटा, काळेवाडी. फुटलेल्या खिडकीतून गरम वारा तोंडावर येत होता आणि मला तो बरा वाटत होता. वाटेत दहा वेळा ठरवलं की गेल्या गेल्या खरं सांगायचं. डांगे चौकात सिग्नलला थांबलो तेव्हाही तेच ठरलेलं होतं.

चाचांचं दुकान चौकाच्या मागच्या गल्लीत. साठीच्या पुढचे, पांढरी दाढी, चष्मा दोरीने गळ्यात. गाड्यांच्या काचा बसवण्यात त्यांची सगळी हयात गेली होती. दुकानात काचा पुस्तकांसारख्या उभ्या लावलेल्या असायच्या, मधे पुठ्ठे. दादा बाहेर खुर्चीवर बसले होते आणि फोनवर बोलत होते.

"चौघं या. काठ्या असू द्या गाडीत. आधी बोलू, न्हाई ऐकलं तर बघू."

माझं ठरलेलं तिथंच विरलं.

चाचांनी दरवाजाभोवती एक फेरी मारली, वाकून आत बघितलं, सीटवरून तळहात फिरवला. मग मला विचारलं, "दगड कुठंय?"

"अं?"

"दगड मारला ना? मग तो गाडीत असंल. नाहीतर लागून बाहेर पडला असंल."

"बाहेर पडला असेल," मी म्हटलं. दगडाचा मी विचारच केला नव्हता.

चाचा कामाला लागले. स्क्रू काढले, काचेचं हँडल काढलं, दरवाजाचं आतलं प्लास्टिकचं पॅनेल खटखट करत सोडवलं. दरवाजाच्या पोटात खडीसाखरेसारखे काचेचे तुकडे पडले होते. ते ब्रशने एका पत्र्याच्या डब्यात ओढायला लागले.

दादा फोन संपवून आले. त्यांनी स्क्रीन माझ्यासमोर धरली. चुलतभावाच्या दोन ड्रायव्हरांचा फोटो होता, कुठल्याशा जेवणावळीत काढलेला. "ही दोघं व्हती का?"

त्यातला एकजण माझ्या ओळखीचा होता. परभणीकडचा. रांगेत गाड्या शेजारी लागल्या की आम्ही बोलायचो. आदल्या आठवड्यात त्याला मुलगी झाली होती आणि त्याने मला पेढा दिला होता.

"तोंडाला रुमाल बांधले होते, दादा. दिसलं नाही."

"अंगापिंडानं तरी? हा बारीक, ह्यो जाड. तसेच व्हते ना?"

"मी... नीट बघितलं नाही."

"म्हंजे असू शकत्यात."

मी नाही म्हणायला हवं होतं. मी गप्प बसलो. दादांनी फोन कानाला लावला आणि बोलत गल्लीच्या तोंडाशी गेले. "व्हय, तीच हायेत. आमच्या पोरानं वळखलं."

चाचा उकिडवे बसून दरवाजाच्या पोटात हात घालत होते. मान वर न करताच हळू बोलले.

"बाहेरून दगड बसला की सीटवर काचेचा ढीग पडतो. ड्रायव्हरच्या मांडीत, शर्टात, सगळीकडे. तुझ्या सीटवर मूठभर पण नाही."

मी सीटकडे बघितलं.

त्यांनी खिडकीच्या चौकटीवर आतल्या बाजूने बोट ठेवलं. तिथं पत्रा चेपून रंग उडाला होता. "हा घाव लोखंडाचा. आतून मारलेला."

"चाचा, मी..."

"मला सांगू नको. मी काच बसवणारा माणूस. तुझं काय झालं ते तुझं." मग चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "पण तिकडं माणसं गोळा होतायत. मला कुणी विचारलं तर मी खोटं बोलणार नाही. अजून कुणी विचारलेलं नाही."

एवढं बोलून ते उठले, आतून नवी काच घेऊन आले, फडक्याने पुसली. चौकटीच्या रबराला साबणाचं पाणी लावलं. काच तिरकी धरून खाली सोडली आणि हळूहळू सरळ करत खाचेत बसवली. मी त्यांच्या हातांकडे बघत होतो. गल्लीच्या तोंडाशी एक जीप येऊन थांबली. आतून चौघं उतरले. दादा त्यांना हाताने काहीतरी दाखवत होते.

मी चालत तिकडे गेलो. पळालो नाही, पळता आलं नसतं.

"दादा, फोन ठेवा."

"काय झालं?"

"दगड नव्हता."

त्यांना कळलंच नाही. "म्हंजे?"

"कुणी मारला नाही. मीच फोडली काच. पान्यानं. आतून."

चौघंही माझ्याकडे बघायला लागले. दादांचा हात वर गेला. मी डोळे मिटले. फटका बसला नाही. डोळे उघडले तेव्हा हात तसाच वर होता आणि चेहरा काळानिळा.

"का?"

मी सांगितलं. दरवाजा उघडेना, काच खाली येईना, श्वास कोंडला. मग घाटातला ट्रकही सांगितला. एकदा सुरू झाल्यावर थांबता येईना. चार अनोळखी माणसांसमोर मी जे बायकोलाही सांगितलं नव्हतं ते सगळं बोललो.

"तवाच का न्हाई बोललास?"

"गाडी काढून घ्याल म्हणून."

"आन् आता त्या दोघांची टाळकी फुटली असती, मग?"



दादांनी चौघांना परत पाठवलं. त्यांना ते फार जड गेलं. एकजण हसला तेव्हा दादा त्याच्यावर खेकसले. मग दुकानाकडे आले, माझ्याकडे बोट दाखवून चाचांना म्हणाले, "ह्यो म्हणतोय आतून फोडली. खरं का?"

"खरं," चाचा म्हणाले.

"मग चाचा, तू मला का न्हाई बोललास?"

"तुम्ही आत्ता विचारलं."

काच बसली होती, पण केबल अजून तुटलेलीच होती आणि पॅनेल खाली जमिनीवर पडलेलं. दादांनी दरवाजा उघडला, सीटवर बसले आणि धाडकन लावून घेतला. काच पूर्ण वर होती. त्यांनी आतलं हँडल ओढलं. पुन्हा ओढलं. खांद्याने दरवाजाला रेटा दिला. चार वाजून गेले तरी उन्हाने पत्रा तापलेला होता. डाव्या दरवाजाने ते सहज उतरू शकले असते, तिकडे मोकळंच होतं. ते उतरले नाहीत. स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत बसून राहिले. कपाळावरून घाम कानशिलापर्यंत आला. मी पुढे झालो तर चाचांनी मला हाताने थांबवलं.

थोड्या वेळाने दादांनी काचेवर बोटांनी टकटक केली. चाचांनी दरवाजा उघडला.

"केबल पण टाक नवी," दादा खाली उतरून म्हणाले. "काच वर-खाली करायची मशीन पण बदल. काय काय सडलंय ते सगळं बघ."

मग त्यांनी चुलतभावाला फोन लावला. दुपारी त्याला शिव्या घालून झाल्या होत्या, हे मला तेव्हा कळलं. "ह्याला बोल," एवढंच म्हणून फोन माझ्या हातात दिला. मी त्या माणसाला खरं काय ते सांगितलं आणि माफी मागितली. तो म्हणाला, "तुझ्या मालकाला म्हणावं, स्वतः फोन करायला जीभ झडली का." आणि ठेवून दिला. मी दादांना तसंच्या तसं सांगितलं. त्यांनी जमिनीकडे बघत मान हलवली. ते दोघं पुढे बोलायला लागले की नाही, मला माहीत नाही. निदान मारामारी झाली नाही.

गाडी तयार व्हायला सहा वाजले. मी नेहमीसारखा ड्रायव्हरच्या बाजूला गेलो तर दादांनी किल्ली माझ्या हातातून घेतली. "तिकडून बस."

रावेतच्या अलीकडे माझी खोली होती. तिथपर्यंत ते स्वतः गाडी चालवत आले. संध्याकाळची गर्दी, गाडी मुंगीच्या पावलाने पुढे सरकत होती. मग त्यांनी विचारलं, "घाटात साडेतीन तास काय करत व्हतास?"

"बोलत होतो. खालच्या गावातला एक म्हातारा आला होता. फुटलेल्या काचेतून माझा हात धरून बसला होता. गाव कुठलं, गुरं किती, पाऊस कसा झाला, सगळं विचारत होता. मी गप्प झालो की हात दाबायचा."

"कोण व्हता?"

"माहीत नाही. काढल्यावर मी बेशुद्ध झालो. पुन्हा कधी भेटला नाही."

खोलीच्या गल्लीपाशी गाडी थांबवून दादा म्हणाले, "उद्या येऊ नको. दवाखान्यात जा, हात दाखव. आन् ह्ये छातीचं पण दाखव, कोण असतो तो डॉक्टर त्याला. गाडी आत्ता देणार न्हाई तुला. गोडाऊनला काम बघ महिनाभर, मग बघू."

महिन्याचे तीन झाले. डॉक्टरकडे मी पाच वेळा गेलो. नंतर गाडी मिळाली, पण सुरुवातीला दादा अधूनमधून न सांगता शेजारी येऊन बसायचे आणि चाकणपर्यंत फोनवर बोलत राहायचे.

त्या संध्याकाळी खोलीवर पोचलो तेव्हा बायको नुकतीच शिफ्टवरून आली होती. तिने हाताचा रुमाल बघितला आणि विचारलं, काय झालं. मी चप्पल काढली, दार उघडंच ठेवलं, आणि घाटापासून सुरुवात केली.