मीच काढला फ्यूज

रोसिलीच्या स्कूटरच्या मागच्या पत्र्यावर पिवळ्या रंगात दोन शब्द लिहिलेले आहेत: ‘फ्यूज ऊरी’. मल्याळममध्ये ऊरी म्हणजे उपसून काढला. बिल थकलं की वीजमंडळाचा माणूस येतो, मीटरशेजारचा फ्यूज उपसतो, खिशात घालतो आणि चहासुद्धा न घेता निघून जातो. मग शेजारी म्हणतात, ‘त्यांचा फ्यूज ऊरी.’ एकदा हे म्हटलं गेलं की पुढे मुलीच्या सोयरिकीतही ते कोणीतरी उकरून काढतं. म्हणून केरळातल्या या ओल्लूरमध्ये माणूस उसनवारी करील, पण घर अंधारात बसू देणार नाही. असले शब्द कोणी स्वतःच्या गाडीवर लिहून घेत नाही. रोसिलीने घेतले, आणि रंगाऱ्याला अक्षरं मोठी काढायला लावली.

रोसिली वायरिंगची कामं करते. तरुणपणी ती कौलांच्या कारखान्यात ओली कौलं डोक्यावरून वाहायची. कारखाना बंद पडला, पंचायतीने बायकांसाठी शिवणाचा वर्ग काढला, आणि तो भरल्यामुळे उरलेल्यांना वायरिंगच्या वर्गात बसवलं. विजेची आवड वगैरे काही नव्हती, हे ती स्वतःच सांगते. परवाना मात्र तिने पहिल्याच परीक्षेत मिळवला. पहिली काही वर्षं लोक तिला पंख्याचा कंडेन्सर बदलायला बोलवत आणि घराचं काम आलं की पुरुष शोधत. ती पंखा दुरुस्त करायची, आणि जाता जाता न विचारता सांगायची की तुमच्या पेटीतला ब्रेकर चुकीचा आहे. यातून तिला कामं कमी आणि शत्रू जास्त मिळाले.

तिची कामाची रीत एकच. नव्या घरात गेली की ती ब्रेकरच्या पेटीकडे आधी बघत नाही. एखादा स्विचबोर्ड उघडते, वायर बाहेर ओढते आणि तिची जाडी बघते. दीड चौरस मिलिमीटरची वायर असेल तर दहा अँपिअरचा ब्रेकर, अडीचची असेल तर सोळाचा. त्यापुढे मालकाने कितीही गोड बोलावं.

एकदा दुबईहून परतलेल्या एका गृहस्थाने तिला बोलावलं. एसी लावला की ब्रेकर पडत होता. इकडे अनोळखी बाईलाही चेडत्ती म्हणजे ताई म्हणतात, आणि पुरुषाला चेट्टा किंवा चेट्टन म्हणजे दादा.

“चेडत्ती, दहाचा काढा आणि बत्तीसचा बसवा. कटकट संपेल.”

“कटकट वायरची आहे, चेट्टा. एसीला तुम्ही दिव्याची वायर जोडलीय.”

“पण पडतोय तो ब्रेकरच ना?”

“पडतोय म्हणून तर घर उभं आहे. चोर सोडून संन्याशाला सुळी देऊ नका. भिंत फोडून चारची वायर ओढते, मग मोठा ब्रेकर देते.”

“नवा रंग दिलाय भिंतीला.”

“मग नव्या रंगाकडे बघत पंख्याखाली झोपा.”

तिने पिशवी उचलली आणि ती निघाली. संध्याकाळपर्यंत दुसऱ्या कोणीतरी बत्तीसचा ब्रेकर बसवून दिला. त्या घरात अजून काही झालेलं नाही. रोसिली ते मान्य करते. फक्त ‘अजून’ या शब्दावर जरा थांबते.

ब्रेकर वायरला सांभाळतो, माणसाला नाही. माणसाला सांभाळणारा वेगळा. त्याला इकडे सगळे ईएलसीबी म्हणतात. पावसाळाभर दमट असणाऱ्या या गावात शाळकरी पोरालाही तो शब्द ठाऊक असतो, आणि सर्वांत जास्त शिव्याही तोच खातो. रोसिली तो गिऱ्हाइकाला असा समजावते: “हा दारावर बसलेल्या सासूसारखा आहे. घरातून वीज किती गेली आणि किती परत आली ते मोजतो. जरा कमी परत आली, की वाटेत कुठेतरी तोंड घातलं असं समजून दार लावून घेतो. तोंड घातलेली जागा म्हणजे कधी ओली भिंत असते, कधी तुमचा हात.” घरासाठी ती तीस मिलिअँपचाच बसवते. शंभरचा बसवला तर पडापड कमी होते, असं दुकानदार सांगतात. रोसिली म्हणते, “बरोबर. माणूस पडतो, तो पडत नाही.”

स्वतःचं घर बांधलं तेव्हा तिने दोन ईएलसीबी बसवले, एक आतल्या खोल्यांसाठी आणि एक अंगणासाठी. नवरा लोनप्पन तेव्हा म्हणाला होता, “एडी, अगं, दोन घरांचा खर्च एका घराला?”  लोनप्पन बेकरीत भट्टीवर काम करतो, कमी बोलतो, आणि त्याला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. संत सेबास्टियनच्या सणात बाण आपल्या घरी यावा, आणि त्या वर्षीचा यजमान आपण असावं.

जानेवारीत हा सण येतो. या संताला बाणांनी विंधलं होतं, म्हणून चर्चमधून चांदीचा बाण निघतो, बँड आणि रेशमी छत्र्यांसह वस्तीत फिरतो, आणि यजमानाच्या घरी मुक्कामाला येतो. त्या घरावर दिव्यांच्या माळा इतक्या लावतात की पलीकडच्या वस्तीतून दिसाव्यात. लोनप्पनच्या वडिलांना, अप्पच्चनना, हा मान कधी मिळाला नाही. ते मिरवणुकीत गॅसबत्ती डोक्यावर घेऊन चालायचे. ज्या वर्षी लोनप्पनचं नाव निघालं, त्या वर्षी त्याने आधी वडिलांच्या कबरीवर मेणबत्ती लावली आणि मग घरी येऊन बायकोला सांगितलं.

रोषणाईचं काम वारीदला दिलं. वारीद म्हणजे लाइट आणि साउंडवाला. अर्ध्या गावाच्या लग्नांत त्याचीच माळ झगमगते. रोसिलीचं आणि त्याचं जुनं वाकडं आहे, कारण सणासुदीला ईएलसीबी पडू नये म्हणून तो सरळ मीटरच्या बाजूने वायर घेतो. सगळेच घेतात. ‘एका रात्रीपुरतं’ असं म्हणायची इथे पद्धत आहे. घरात अंधार झाला तर लोक ‘फ्यूज ऊरी’ म्हणतील, ही भीती विजेच्या भीतीपेक्षा मोठी आहे.

“माझ्या घरी माळा अंगणाच्या पेटीवरच चालतील,” रोसिलीने त्याला पहिल्याच दिवशी बजावलं.

“चेडत्ती, तुमची पेटी म्हणजे नव्या नवरीसारखी. हात लावला की रुसते.”

“मग हात नीट लावायला शीक.”

सणाच्या दुपारी सगळ्या माळा लावून पाहिल्या. फणसाच्या झाडावर, पडवीवर, कुंपणाच्या भिंतीवर. सर्वांत देखणी होती फाटकावरची कमान, संताच्या चित्राभोवती लाल-निळी फिरती रोषणाई. सगळं व्यवस्थित पेटलं. लोनप्पन रस्त्यापलीकडे जाऊन उभा राहिला आणि बराच वेळ आपल्याच घराकडे बघत राहिला.

दिवस कलला. मिरवणूक निघाल्याचे फटाके ऐकू आले, तसं लोनप्पनने नळी घेतली आणि धूळ बसावी म्हणून अंगण, फाटक आणि समोरचा रस्ता भिजवून काढला. पाहुण्यांच्या पायाला धूळ लागू नये, ही त्याच्या आईची शिकवण. मग दिवे लावले. कमान क्षणभर पेटली आणि खट्. अंगण काळं झालं.

घरात उजेड होता. पंखे फिरत होते, स्वयंपाकघरात कूर्का नावाचे छोटे कंद घालून शिजवलेल्या डुकराच्या मटणाची पातेली उतरत होती. लोनप्पनची बहीण कोच्चुत्रेसिया हातातली पळी तशीच घेऊन बाहेर आली.

“काय झालं गं?”

“जे व्हायला हवं ते झालं,” रोसिली म्हणाली.

नवी कोरी साडी आणि तिच्यावर नवऱ्याचा जुना शर्ट, अशा वेशात ती पेटीसमोर उभी राहिली. कामाला हात घालताना ती शर्ट चढवतेच. तिने सगळ्या माळा सोडवल्या आणि एकेक जोडत गेली. झाड, टिकलं. पडवी, टिकली. भिंत, टिकली. फाटक, खट्.

“फाटकाच्या माळेतून वीज लोखंडात उतरतेय. ही माळ लागणार नाही.”

“फाटकाचीच?” वारीद म्हणाला. “चेडत्ती, तीच तर कमान आहे. बाण तिच्याखालून येणार. काळ्या दारातून बाण आत घेणार का? एक वायर मीटरवरून घेतो, तुमच्या पेटीला बोटसुद्धा लावत नाही. तासाभराचा प्रश्न.”

“तासभर फाटक तू धरून उभा राहशील? अनवाणी?”

“दव पडलंय जरासं, बाकी काही नाही.”

“दव तुझ्या डोक्यात पडलंय.”

बँडचा आवाज चौकापर्यंत आला होता. लोनप्पनने तिला पडवीच्या कोपऱ्यात बोलावलं. आवाज चढवणं त्याच्या स्वभावात नाही.

“एडी, एकदाच. मी तुझ्याकडे आजवर काही मागितलं नाही.”

“ओ माणसा, दुसरं काहीही मागा.”

“लोक काय म्हणतील ते तुला माहीत आहे.”

“माहीत आहे.”

“अप्पच्चन असते तर...”

“असते तर याच फाटकातून आत आले असते. म्हातारे, अनवाणी, ओल्या पायांनी. ती माळ मी लावणार नाही.”

कोच्चुत्रेसिया मध्ये पडली. “दादा, हिचं काय ऐकतोस? घर तुझं आहे की हिच्या पेटीचं? वारीद, लाव रे वायर.”

वारीद शिडीकडे वळला. रोसिलीने त्याच्या कमरेच्या पट्ट्यातली पकड काढून घेतली, फाटकाच्या माळेची वायर प्लगाच्या मागे कापली आणि प्लग शर्टाच्या खिशात टाकला. मग शिडी आडवी करून ती मीटरच्या खाली तिच्यावरच बसली.

“आता लाव.”

कोणीही तिला उठवलं नाही. लोनप्पन तिच्याकडे न बघता फाटकाशी जाऊन उभा राहिला.

मिरवणूक आली. झाड, पडवी आणि भिंत झगमगत होती, आणि मधोमध फाटक दात पडल्यासारखं काळं. सणसमितीचे प्रमुख इनाशू चेट्टन सर्वांत पुढे होते. त्यांनी हात वर केला, बँड थांबला. त्या शांततेत गर्दीतून कोणीतरी अगदी मोकळ्या गळ्याने विचारलं, “काय लोनप्पन, फ्यूज ऊरी?”

हसण्याची एक लाट मागपर्यंत गेली. लोनप्पनने मान खाली घातली.

रोसिली शिडीवरून उठली. शर्ट तसाच अंगावर घेऊन ती फाटकापर्यंत गेली आणि खिशातला प्लग सगळ्यांना दिसेल असा वर धरला.

“ऊरी,” ती म्हणाली. “मीच काढला. बिल भरलेलं आहे. फाटकात वीज उतरत होती, म्हणून माझ्या हाताने बंद केलं. कोणाला उजेड कमी पडत असेल तर छत्रीवाल्यांनी मेणबत्त्या पेटवाव्यात. संताने बाण खाल्ले तेव्हा कोणी रोषणाई केली नव्हती.”

 इनाशू चेट्टननी तिच्याकडे पाहिलं, काळ्या कमानीकडे पाहिलं, आणि मागे वळून ते म्हणाले, “छत्र्या मिटा. मेणबत्त्या पुढे आणा. आणि बँडवाल्यांनो, तुम्हाला झोप लागली का?”

बाण लोनप्पनच्या हाती देण्यात आला. तो दिसतो त्याहून जड असतो, आणि लाकडी पाटासकट घ्यावा लागतो. त्याने तो एका हाताने छातीशी धरला आणि तोल सावरायला दुसरा हात फाटकाच्या लोखंडी गजावर ठेवला. पाय अनवाणी होते, खाली त्यानेच भिजवलेली माती होती. रोसिलीने ते पाहिलं. तो सावरला, उंबरा ओलांडून आत गेला, आणि मागोमाग सगळे आत गेले. मटण पुरलं.

सकाळी वारीद माळा उतरवायला आला. फाटकाच्या बिजागरीत माळेची वायर चेपली होती. वरचं प्लास्टिक फाटून तांबं लोखंडाला टेकलं होतं. त्याने तेवढाच तुकडा मुठीत घेतला आणि बाकीची माळ पोत्यात कोंबली.

“काय निघालं?” लोनप्पनने विचारलं.

“दव,” वारीद म्हणाला.

पेटीशी उभी असलेली रोसिली मोठ्याने हसली. तुकडा दाखव असं ती म्हणाली नाही. त्या आठवड्यात लोनप्पन तिच्याशी मोजकंच बोलला. बेकरीत त्याला ‘फ्यूज ऊरीचा नवरा’ म्हणून हाक मारत होते, आणि कोच्चुत्रेसिया आजही हा प्रसंग सांगते तेव्हा वहिनीने घराण्याची अब्रू खिशात घातली असंच सांगते. नाव गावभर झालं. एरवी अडीचच्या वायरला कोणी चारची म्हटलं तर भांडणाऱ्या रोसिलीने, काढला तो फ्यूज नव्हता, प्लग होता, ही दुरुस्ती कोणालाही सुचवली नाही. तिने रंगाऱ्याला बोलावलं. गाडी रंगवून झाली तेव्हा लोनप्पन बाहेर आला, अक्षरं वाचली, आणि एवढंच म्हणाला, “पिवळा लांबून दिसतो.”

पुढच्या वर्षी बाण इनाशू चेट्टनच्या घरी जायचा होता. सणाच्या आदल्या दिवशी ते रोसिलीच्या फाटकाशी येऊन उभे राहिले. रोषणाई वारीदचीच होती.

“चेडत्ती, जरा माळा बघून जाल का? बायकोला भीती वाटते.”

“बायकोला?”

“बायकोला.”

“फ्यूज ऊरीला सणाच्या घरी नेताय, विचार करा.”

“नाव तुम्हीच लिहून घेतलंय.”

रोसिलीने खुंटीवरचा शर्ट काढला आणि बाह्या दुमडत स्कूटरकडे निघाली.

“येते,” ती म्हणाली. “पण आधीच सांगते. ईएलसीबी पडला, तर तुमचाही काढीन.”