आखाजी सरल्यावरचे पत्ते

आमच्या घरात ‘गेम’ हा शब्द शिवीसारखा वापरत. पिंप्राळ्यात आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची, पिठाची गिरणी. कॉलेजात असताना मी कॉम्प्युटरवर गेम बनवत बसले की आबा पट्ट्याच्या आवाजावर आवाज चढवून ओरडत, “डोंबलाचं इंजिनिअरिंग! पोट कोण भरणार उद्या, ते उड्या मारणारं माकड?” ते माकड मी काढलेलं होतं आणि मला भारी आवडायचं.

शेवटच्या वर्षी दोन नोकऱ्या हाताशी आल्या, दोन्ही पुण्यातल्या. एक पतसंस्थांचं सॉफ्टवेअर सांभाळायची. दुसरी गेम बनवायची. मी दुसरी धरली. आबा कितीतरी दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत. आई फोनवर म्हणायची, “अगं, स्थळं येतात त्यांना काय सांगू? पोरगी खेळते म्हणून?”

रुजू झाले तेव्हा कळलं, गेम म्हणजे पत्ते. पैसे लावून फोनवर खेळायची रमी. कप्पाळ माझं! साहेब म्हणाले, आधी इथे हात बसू दे, मग हवं ते बनव. मीही मनाची तशीच समजूत घातली. माझ्याकडे काम कोणतं, तर खेळ सोडून गेलेल्या माणसाला परत कसं आणायचं ते बघायचं.

घरी सांगितलं, तर आबा एकदम खुलले. “पत्ता शे का? मंग पहिले सांगनं व्हतं ना, माय!”

खानदेशाबाहेरच्या माणसाला हे कळायचं नाही. आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पत्त्यांचं पाप लागत नाही. लेकी माहेरी येऊन झोके घेतात, गाणी म्हणतात, आणि बाप्ये पारावर बसून उघड पैसे लावतात. धुळ्याजवळच्या आमच्या मूळ गावी आबाही बसत. एरवी सुपारीचं खांडसुद्धा तोंडात न टाकणारा माणूस, पण सणाला हरला तरी हसायचा. सण सरला की पत्त्यांचा कॅट चुलीत जायचा आणि पुढच्या आखाजीपर्यंत घरात पत्ता दिसायचा नाही. त्यामुळे माझी नोकरी आबांना सणातलीच वाटली. त्या वर्षी पारावर त्यांनी सगळ्यांना फोन दाखवला. “मनी पोरनी बनाडेल शे!” मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! बापाने माझं काम पहिल्यांदाच चारचौघांत मिरवलं होतं.

सण सरला, आम्ही आपापल्या जागी परतलो. फोन काही कुणी चुलीत घालत नाही.

गौरी-गणपतीला घरी आले. भरदुपारी गिरणीपुढे बाया डबे घेऊन ताटकळल्या होत्या. आत धान्य संपलेलं, आणि गिरणी रिकामीच फिरत होती. दगडावर दगड घासल्याचा कर्कश आवाज गल्लीच्या तोंडाशी ऐकू येत होता. आबा ज्वारीच्या पोत्यावर बसून फोनमध्ये बुडालेले. मी धावत जाऊन बटण बंद केलं. एक बाई मला म्हणाली, “मागल्या खेपेच्या पिठात कचकच होती, ताई. भाकरी टाकून द्यावी लागली. आम्ही आता दुसरीकडे जाऊ.” आबांनी मानसुद्धा वर केली नाही.

मी त्यांच्या हातातला फोन हिसकला. त्यावर लिहून आलं होतं, ‘डाव मांडलाय, तुमच्यासाठीच थांबलोय!’ ते वाक्य माझं होतं. मीच लिहिलेलं, चहाचे घोट घेत. साहेबांनी त्याबद्दल माझी पाठ थोपटली होती.

बापाला बोलू नये ते सगळं मी त्या दिवशी बोलले. आईने मला बाजूला ओढलं. “अगं, तुझ्याच कामाचं म्हणून खेळायचे ते,” ती म्हणाली. “म्हणायचे, आपण नाही खेळलो तर पोरीची नोकरी कशी टिकेल? मग मी तरी कशी अडवणार?” माझं दुकान चालावं म्हणून माझा बाप माझंच गिऱ्हाईक झाला होता.

मी राजीनामा दिला आणि पतसंस्थांच्या सॉफ्टवेअरला लागले. दिवसभर व्याजाचे हिशेब तपासते. गेम बनवायचं आता मनातही येत नाही, कुणी विषय काढला तर मी उठून जाते. आबांच्या फोनमधला आमचा गेम मी काढून टाकला, तर दुसऱ्या कंपनीचा आला. तो काढला, तर आणखी एक आला. गिरणी आता बंद असते.

परवा घरी गेले होते. आई बाजारात गेलेली. आबा लाजत लाजत माझ्याजवळ सरकले. मला वाटलं, चुकलं म्हणतील. निदान नवी नोकरी कशी आहे ते तरी विचारतील. त्यांनी माझा हात धरला आणि हळूच म्हणाले, “माय, तू त्या लोकेसमा व्हती. तुले माहीत शे. मना डाव कव्हय लागी?”

“नाही लागणार, आबा. कधीच नाही.”

त्यांनी समजूतदारपणे मान हलवली. “सांगानी बंदी व्हई तुमले,” म्हणाले, आणि फोन उघडला.