चुकीला दोन चिंचोके

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला तर नाहीच. आत्ताही आधी दार लोटून घेतलं — घरात कुणी नाही, तरीसुद्धा.

खेळ माझाच होता, तिथून सुरुवात करते. बारावीत असताना मी आणि शेजारची शोभा परतूरला तिच्या घराच्या माळवदावर अभ्यासाला बसायचो. जीवशास्त्राचं पुस्तक उघडलं की शोभाला जांभया. म्हणून मी चिंचोके आणले. एकीनं विचारायचं, दुसरीनं सांगायचं; बरोबर आलं की विचारणारीनं एक चिंचोका द्यायचा. थोड्याच दिवसांत तिच्या जांभया गेल्या आणि माझे चिंचोकेही. तिची ओंजळ भरलेली, माझ्यापुढे नुसती माती. खरं सांगू? मला ते सोसेना. डॉक्टर दोघींनाही व्हायचं होतं, सीईटी तोंडावर आलेली — आणि खेळ शिकवणारी मीच मागे?

मग मी नियम काढला. चुकलं तर दोन चिंचोके परत. येत नसेल तर ‘पास’ म्हणायचं. शोभा मुळातच भित्री. अर्धंमुर्धं आठवत असलं तरी पास म्हणू लागली, आणि मी जिंकू लागले. इथवर खेळच होता, नाही का?

पण परीक्षेच्या आठवड्यात सरांनी वर्गात बजावून सांगितलं, चुकीला गुण कापत नाहीत, एकही प्रश्न कोरा सोडू नका. शोभा तापानं घरी होती. संध्याकाळी तिनं विचारलं, “सर काय म्हन्ले गं? चुकलं तर मार्क कापतेत का?”

मी चिंचोके वाटत होते. मान वर न करता म्हणाले, “कापतेत. आपल्या खेळावानीच.”

तोंडातून निसटलं, असं म्हणता आलं असतं — पण निसटलं नव्हतं. परीक्षा देऊन जालन्याहून परतताना ती एसटीत खुशीत होती, एकही तुक्का मारला नाही म्हणून. मी खिडकीबाहेर बघत बसले. निकाल लागला. मला प्रवेश मिळाला, तिचा थोडक्यात हुकला.

नंतर तिला कुणीतरी सांगितलंच असेल ना? तिनं मला कधी विचारलं नाही. मी मात्र प्रत्येक भेटीत तो प्रश्न आता येईल, मग येईल, म्हणून धास्तावलेली. दवाखान्यात कुणी ‘डॉक्टर मॅडम’ म्हणालं तरी दचकते.

शोभा आता जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. गेल्या दिवाळीत तिच्याकडे गेले होते. वर्गात चिंचोक्यांचा खेळ घेते, म्हणाली. मला राहवलं नाही. चुकलं तर काय, मी विचारलं.

“काहीच न्हाई,” चहा गाळता गाळता ती म्हणाली. “दंड ठेवला की लेकरं भिऊन बोलतच न्हाईत मंग.”

तिला कळलंय का? ठाऊक नाही. मला मात्र माळवदावरच्या त्या संध्याकाळी सरांचा शब्द न् शब्द पाठ होता.