चाचणीच्या दिवशी गप्प राहायला शिकवणारे निमसेसाहेब

मुरबाडच्या कारखान्यात वेल्डरच्या जागेसाठी गेलो, तेव्हा मी दहावी नापास असल्याचे आधीच सांगून टाकले. कारखान्याचे व्यवस्थापक निमसेसाहेब यांनी विचारले, "घरात काही मोडलं तर दुरुस्त कोण करतं?" मी म्हणालो, "मीच." "मग उद्यापासून ये." ते साहेब आता साठ वर्षांचे होत आहेत.

आम्ही शेतीची लहान यंत्रे बनवतो. नवे यंत्र सुचवण्याची मुभा साहेबांनी प्रत्येक कामगाराला दिली आणि चाचणीसाठी गुरुवार राखून ठेवला. नियम एकच: करणाऱ्याने स्वतः चाचणीला जायचे आणि वापरणारे बोलत असताना गप्प राहायचे.

नाचणी मळण्याचे पायाने चालणारे यंत्र मी सुचवले. डोळखांबच्या पाड्यावर सखूमावशींनी पाय मारताच त्यांच्या लुगड्याचा काठ साखळीत अडकला. मला राहवले नाही. "मावशी, जरा आवरून उभ्या राहा ना."

"आमी लुगडी सोडून तुझी पँट घालू काय रे?" सगळ्या बायका हसल्या.

मी पँट घालूनच यंत्र तपासले होते. त्याहून वाईट म्हणजे, चाचणीआधीच बारा यंत्रांचा पत्रा कापून ठेवला होता. परतताना टेम्पोत ते साहेबांजवळ कबूल केले. नोकरी गेली असेच वाटले. साहेब म्हणाले, "उद्या सगळ्यांसमोर तूच सांग."

दुसऱ्या दिवशी कारखान्यात सगळे सांगितले. "पत्र्याची भजी तळा आता!" कोणीतरी ओरडले. हसणे थांबल्यावर ड्रिलवरचे पांडूदादा पुढे आले. "साहेब, साखळी पलीकडच्या अंगाला घेतली तर? मनात होतं, पण मला कोण विचारतोय?" साहेबांनी त्यांना तिथेच खडू दिला. आज ते यंत्र पांडूदादांनी आखले तसेच विकले जाते.

चाचणीत लोक काय म्हणाले ते लिहून ठेवायची वही साहेबांनी माझ्याकडे दिली. माझ्यासारख्याला लिहिण्याचे काम देणारे ते पहिलेच.

पुढच्या महिन्यात साहेब निवृत्त होतील आणि गुरुवारच्या चाचणीची जबाबदारी माझ्यावर येईल. मागणी वाढली आहे. चाचणीचा दिवस बंद करा, असे मालक आतापासूनच म्हणतात. मी साहेबांच्या घरी गेलो. "माझं ऐकतील काय, साहेब?"

"माझं तरी कुठे ऐकत होते? मी रेटत राहिलो."

या गुरुवारी किन्हवलीला तण काढायच्या यंत्राची चाचणी आहे. माल गुरुवारऐवजी शुक्रवारी जाईल, असे मी मालकांना कळवले आहे. उत्तर आलेले नाही. तरी टेम्पो सांगून ठेवला आहे.

साहेबांना निरोगी, भरपूर आयुष्य लाभो. ऐंशीव्या वर्षी एखाद्या गुरुवारी ते कारखान्यात यावेत आणि सगळे चाचणीला गेल्यामुळे त्यांना तिथे कोणीच भेटू नये.