एक्क्याण्णवची किळस

एक्क्याण्णव या संख्येची मला किळस येते. दिसायला किती सोवळी! सम नाही, शेवटी पाच-शून्य नाही, अंकांची बेरीज दहा, म्हणजे तीननेही भाग जात नाही. आपल्याला आजवर कोणी शिवलंच नाही, अशा थाटात बसते. आणि मी, वीस वर्षं गणित शिकवणारा मास्तर, त्या थाटाला भुललो.

नेरला धाकट्या भाचीचं लग्न होतं. वरपक्षाची पहिली पंगत बसायची होती. ताई घामाघूम होऊन माझ्याकडे आली.

"एक्क्याण्णव माणसं हायेत. साऱ्या रांगा सारख्या बसव बाप्पा. मोठीच्या लग्नात तिघं उरले, कोपऱ्यात बसवले, तर उपाशी उठून गेले. ते सोयरे अजून बोलत नाहीत."

मी डोळे मिटले, बोटं हलवली. "ताई, ही मूळ संख्या आहे. हिच्या सारख्या रांगा ब्रह्मदेवालाही पाडता येणार नाहीत."

"मंग?"

"दहा-दहाच्या नऊ रांगा. उरला एक, त्याला मानाची खुर्ची."

मानाची खुर्ची नवरदेवाच्या आजोबांना दिली. जागा उरली होती ती फक्त हात धुवायच्या टाकीपाशी. खाली चिखल, चिखलात सकाळचे पोहे, लोकांनी टाकलेल्या चुळा आणि पिळलेली लिंबं. आजोबांच्या वरणावर एक माशी बसली. उडाली नाही, पोहू लागली.

आजोबांनी ताट सरकवलं. "काहून गा मास्तर, म्या काय पाप केलं? मले एकट्यालेच मोरीवर काहून बसवलं?"

नऊ रांगांतले हात थांबले. ताई वाढायचं भांडं धरून जागच्या जागी थिजली. मी घाईघाईने मूळ संख्या म्हणजे काय ते समजावलं. नव्वद माणसं ऐकत होती.

"तेराचा पाढा येते का तुमाले?"

"येतो की."

"म्हना."

तेरा पंचे पासष्टपर्यंत मी खणखणीत गेलो. तेरा सक अठ्ठ्याहत्तरला आवाज बसला, कारण पुढचं दिसलं.

"थांबले काहून?"

"तेरा सत्ते... एक्क्याण्णव."

"सात रांगा, तेरा-तेरा माणसं. आमाले तिसापर्यंतचे पाढे म्हटल्याबिगर भाकर भेटत नव्हती, मास्तर!"

मांडव हसला. एक्क्याण्णवसाठी दहाच्या आतल्या चारच मूळ संख्या तपासायच्या असतात: दोन, तीन, पाच, सात. मी पाचवरच थांबलो होतो. याच आळसासाठी मी वर्गात पोरांवर खेकसतो.

सगळी पंगत उठवून पुन्हा बसवली. आजोबा सातव्या रांगेत, मधोमध, नवं ताट घेऊन. त्यांनी पहिला घास घेईपर्यंत ताईने श्वास सोडला नाही. "वरण चांगलं हाये," ते म्हणाले, तेव्हा कुठे तिच्या चेहऱ्यावर रंग आला. मग ती माझ्याकडे वळली.

"जेव आता."

"कुठं?"

तिने टाकीकडे बोट दाखवलं. "मानाची हाये ना खुर्ची?"

तिथे बसून मी एक ते तेराची बेरीज केली. एक्क्याण्णव. एक ते सहाचे वर्ग मिळवले. पुन्हा एक्क्याण्णव. जिकडून दाबावं तिकडून काहीतरी निघत होतं, पिकल्या गळवासारखं. आणि मी हिला सोवळी समजलो होतो!

ताट नवं होतं, माशी मात्र जुन्याच ओळखीची वाटली. मी डोळे मिटून भात कालवला.